काजळगडच्या मोहरा आणि माझे नऊ दिवस

१२ जून, गुरुवार

रिटायर होऊन बारा दिवस झाले. मुरबाडच्या शाखेत चौतीस वर्षं कॅश काउंटरला बसलो, तेव्हा दिवस कधी सरला ते कळायचं नाही. आता नऊची एसटी फाट्यावर हॉर्न देते आणि माझा हात आपोआप डब्याकडे जातो. बायको, रंभा, म्हणाली, "आवो, चाललात कुठं? बसा." बसलो. स्टाफने निरोपाला घड्याळ, शाल आणि ही डायरी दिली. घड्याळ बघून करायचं काय, आणि शालीला अजून थंडी नाही, म्हणून डायरी.

आज मात्र नोंद करण्यासारखं घडलं. राहीने माझा सल्ला विचारला. राही म्हणजे आमची एकुलती एक. स्कॉलरशिपवर कोर्स करून ठाण्याच्या एका कंपनीत मोबाइलवरचे गेम बनवते. आठवड्यातून दोनदा आसनगावहून लोकल पकडते, बाकीचे दिवस माळ्यावर बसून काम. सध्या तिला काजळगड नावाचं एक राज्य उभं करायचं आहे. राक्षस, चेटकिणी, उडती कासवं, सगळा सरंजाम आहे. चाळीस माणसं ते खेळून बघतायत. आणि तिथे एक भाकरी नऊ हजार मोहरांना झाली आहे.

"बाबा, तुम्ही बँकवाले. असं का झालं असेल?"

मी विचारलं, मोहरा येतात कुठून? म्हणाली, एक राक्षस मारला की चाळीस मोहरा पडतात. राक्षस किती? म्हणाली, रोज पहाटे नवे उगवतात.

मी कपाळाला हात लावला. "अगं, पण राक्षसाला पगार कोण देतं?"

ती हसत सुटली. मी अजिबात विनोद केला नव्हता.

१७ जून, मंगळवार

काजळगडला लेखी सूचना दिल्या. फुलस्केप तीन पानं. सार एवढंच की टांकसाळीला कुलूप लावा. राज्यात एकूण मोहरा एक लाख, वर एकही नाही. राक्षस मेला तर मेला, त्याचा खिसा रिकामा.

रंभा पाय लांब करून तांदूळ निवडत होती. म्हणाली, "मंग राक्षस मारल कोन?" मी म्हटलं, हा तुझा विषय नाही. मे महिन्यात तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. दिवाळीपर्यंत वाकायचं नाही असं शहापूरच्या डॉक्टरांनी बजावलंय. त्यामुळे ती बसून असते, आणि बसलेल्या माणसाला प्रत्येक गोष्टीत मत असतं. हे मी स्वतःबद्दल लिहीत नाही.

२४ जून, मंगळवार

काजळगडात राक्षस माजले. कोणी मारेनाच. ज्यांच्याकडे मोहरा होत्या ते दडवून बसले, कारण उद्या त्या आणखी महाग होतील. बाजार ठप्प. शेवटी खेळाडूंनी आपापसात शेळ्या चालवायला सुरुवात केली. तलवार अकरा शेळ्या, कासवावरून एक फेरी दोन शेळ्या.

"आणि सुट्टे?" मी विचारलं.

"करडू," राही म्हणाली.

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. चौतीस वर्षं नोटा हाताळलेल्या माणसाच्या सल्ल्याने एक अख्खं राज्य शेळ्यांवर आलं! रंभा हसून हसून लोटपोट. म्हणाली, "शेळीचं दूध तरी निघतंय. तुमच्या मोहरंचं काय निघतं?"

२९ जून, रविवार

भाताचं रोप आज एकवीस दिवसांचं झालं. आमची दोन खाचरं, वरचं लहान आणि खालचं मोठं. दर वर्षी मी मजुरीच्या नोटा मोजून रंभाच्या हातात ठेवतो आणि नऊच्या एसटीने मुरबाडला जातो. असं चार-सहा दिवस चालतं, मग एका संध्याकाळी घरी यावं तर लावणी, म्हणजे आमच्याकडची आवणी, उरकलेली असते. पैसा असला की कामं होतात. इतकं साधं आहे.

यंदा मी मोकळा, म्हणून बाया बोलवायला स्वतः वाडीवर गेलो. टेकडी चढून वीस मिनिटं. बाईजाबाय ही तिथल्या टोळीची म्होरकी, साठी ओलांडलेली, तोंडाने फटकळ. मला बघून आधी विचारलं, "रंभाचा गुडघा कसा हाय?" रीत म्हणून विचारलं असणार. मी म्हटलं बरा आहे, आणि आवणीचं काढलं.

"औंदा नाय जमायचं भाऊ. आमची सावड चाललीय. आज माझ्या शेतात, उद्या भिमीच्या, परवा संजीवनीच्या. ज्यानं दिवस दिला त्याला दिवस."

"मी दिवसाला पाचशे देतो की."

"पैसं पोरं आनतात गोदामातनं. पैसा हाय. दिवस नाय."

३० जून, सोमवार

आज सातशे म्हणालो. वर चहा आणि वडापाव. भिमी ही बाईजाबायची सून. तिने माझ्या हातातली पाचशेची नोट घेतली, उलटसुलट बघितली आणि परत दिली. "भाऊ, ही नोट माझ्या शेतात वाकल का?"

बाया खदाखदा हसल्या. चौतीस वर्षांत माझ्याकडे नोट परत आली ती फाटकी म्हणून, नाहीतर खोटी म्हणून. कोरी करकरीत चांगली नोट परत आलेली आज पहिल्यांदा पाहिली. टेकडी उतरताना कान गरम झाले होते.

घरी येऊन रंभाला विचारलं, "इतकी वर्षं कशा यायच्या गं या?"

"यायच्या."

"सातशेला नाही म्हणतात, आणि तेव्हा तीनशेत यायच्या?"

"दूध उतू जातंय," म्हणाली आणि काठी टेकत आत गेली. गॅसवर दूध नव्हतं. गुडघ्याच्या गोळ्यांनी माणूस असं करत असेल का, डॉक्टरांना विचारलं पाहिजे.

संध्याकाळी ती बांधावर जाऊन उभी राहिली. मी मागून गेलो. खालच्या खाचराकडे बघत म्हणाली, "मी लग्न करून आले तवापासनं हे खाचर कवा पड राहिलं नाय. एकदा पन नाय." आवाज भरून आला होता. रंभाचा आवाज असा मी क्वचित ऐकलाय. रोप अजून दहा-बारा दिवस धीर धरेल. नंतर लावून उपयोग नाही, आणि पड खाचर मला तिच्या डोळ्यांसमोर ठेवायचं नाही.

१ जुलै, मंगळवार

राही म्हणाली, "बाबा, आपलं गावच काजळगड झालंय. लोक तुमची मोहर घेत नाहीत."

या एका वाक्याने माझ्या डोक्यात ट्यूब पेटली. नोट म्हणजे शेवटी काय? कागद. त्यावर धारकाला अमुक अदा करण्याचं वचन छापलेलं असतं. किंमत त्या वचनाची. आणि खरी गंमत अशी, की ते वचन कधी पाळावं लागत नाही, कारण कोणी मागायलाच येत नाही! चौतीस वर्षांत एकही माणूस शंभराची नोट काउंटरवर आपटून म्हणाला नाही की काढा यातलं वचन. नोट पुढच्याकडे जाते, तो त्याच्या पुढच्याला देतो. जग असंच चाललंय.

वाडीवर पैसा चालत नाही, दिवस चालतो. ठीक आहे. मी दिवस छापतो!

जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजू कापल्या. झोकदार अक्षरात लिहिलं: "एक दिवस. धारकास एक दिवसाचे शेतकाम अदा करण्याचे मी वचन देतो." खाली नंबर, तारीख आणि माझी कॅशियरची सही, जिची नक्कल मुरबाड तालुक्यात कोणाला जमलेली नाही.

रंभाने चष्मा लावून वाचलं. "आनि खरंच कुनी मागितलं तर?"

"कोणी मागत नसतं. चलन मला शिकवू नकोस."

राहीने लगबगीने फोटो काढला. मायलेकी एकमेकींकडे बघत होत्या. बायकांना अर्थशास्त्राचं कौतुक असतं, पण त्या बोलून दाखवत नाहीत.

३ जुलै, गुरुवार

परवा संध्याकाळीच कागद घेऊन वर गेलो होतो. बाईजाबायने कागद उलटा धरला, सुलटा धरला, वास घेतला. भिमीने वाचून दाखवला.

"म्हंजी तुमी येनार?"

"लिहिलंय की."

"लिवलंय ते राहू द्या. तुमी येनार का?"

"वचन आहे," मी म्हणालो. म्हणताना मला स्वतःचंच कौतुक वाटलं.

आज नऊ बाया आल्या. भरभर रोपाच्या मुठी उपटल्या, गाणी म्हणत लावल्या, दुपारी दोनला वरचं खाचर हिरवं. मी बांधावर उभं राहून नऊ कागद वाटले. कोणी तंबाखूच्या डबीत ठेवला, कोणी पदराच्या गाठीत. एक रुपया खर्च नाही. देशाला माझ्यासारखे चार जण मिळते तर, असं मनात येऊन गेलं.

४ जुलै, शुक्रवार

चलन फिरलं!

संजीवनीने कागद देऊन दामूच्या दुकानातून साखर आणि चहापत्ती नेली. दामू माझा शाळेतला दोस्त, गावात त्याचं किराणा दुकान. त्याने कागद खिळ्याला अडकवून ठेवलाय. मी काडेपेटी आणायला म्हणून गेलो, बघून आलो. मग मीठ आणायला म्हणून गेलो, परत बघून आलो. रंभा म्हणाली, मीठ महिन्याभराचं आहे.

राहीने काजळगडात मोहरा रद्द करून कागद सुरू केले. मी आणखी चौदा कागद लिहून ठेवले, खालच्या खाचरासाठी.

५ जुलै, शनिवार

सकाळी साडेसातला दामू दारात. हातात माझा कागद.

"कुंडलिक, चल रे. आज तुझा दिवस माझा."

मी त्याला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि शांतपणे चलनाचा सिद्धांत समजावला. कागद वटवायचा नसतो, पुढे द्यायचा असतो.

"पुढं कुनाला देऊ? पुढचा पन तुलाच बोलवनार ना? मंग मीच का नको?"

मी म्हटलं, कागदावर शेतकाम लिहिलंय, दुकान नाही. तर म्हणतो कसा, "दुकानामागं माझी वांगी हायत."

उद्या येतो म्हणून त्याला कसाबसा वाटेला लावला. अकराला बघतो तर बाईजाबाय, भिमी, संजीवनी आणि मागे आणखी पाच जणी अंगणात. संजीवनीचा कागद दामूकडे गेला होता, ती नुसती गंमत बघायला आलेली. बाकीच्यांच्या हातात कागद. "भाऊ, सोमवारपासनं आमचं धरा. आधी माझं, मंग भिमीचं."

बँकेवर लोक असे एकदम चालून आले की मॅनेजर मागच्या दाराने निघतो, हे मी ऐकून आहे. मीही मागच्या दाराने निघालो. तिथे रंभा काठी आडवी धरून बसली होती.

"कुठं?"

"जरा परसात."

"फुडं जा," म्हणाली.

६ जुलै, रविवार

सगळे उपाय करून बघितले. प्रत्येक कागदाला सातशे रुपये रोख देतो म्हणालो. नको. माझ्या बदल्यात फाट्यावरचा एखादा माणूस पाठवतो म्हणालो. बाईजाबाय म्हणाली, "कागदावर नाव कुनाचं हाय?" मग नवे चौदा कागद पुढे केले, की निदान खालचं खाचर लावून घ्या. तिने हातही लावला नाही. "आधी जुनं."

मी म्हटलं, माझी कंबर दुखते. साठ वर्षं झाली मला. बाईजाबाय म्हणाली, "माला पासष्ट."

दुपारी जेवताना राहीने काजळगडची बातमी दिली. तिथेही सगळे खेळाडू एकाच वेळी कागद वटवायला निघाले, देणारे जंगलात लपून बसले. राज्य परत शेळ्यांवर.

रंभा ताटावरून उठली. भात तसाच. "मी गेले असते," म्हणाली, "गुडघा वाकत नाय म्हनून, नायतर तुमच्या तोंडाकडं बघितलं नसतं. जावा, घाला खालचं पड." ती रडत होती. तासभर पंख्याकडे बघत पडून राहिलो, मग उठून दामूची वांगी खुरपायला गेलो. कागद क्रमांक सहा वटला.

७ जुलै, सोमवार

बाईजाबायच्या शेतात. सकाळी सातपासून.

हे लिहिताना बोटं वळत नाहीत, अक्षर तसंच ठेवतो. लहानपणी बापाबरोबर आवणीला गेलो होतो, त्यानंतर आजच. चिखलात पाय रुततो तो निघत नाही, निघाला तर चप्पल तिथेच राहते. चप्पल घालून चिखलात उतरणारा वाडीच्या इतिहासातला मी पहिला. माझी ओळ बघून भिमी ओरडली, "भाऊंनी माळशेज घाट काढला!"

पाऊस पाठीवर, कंबरेत कळा. बाईजाबाय शेजारच्या ओळीत. म्हणाली, "वाईच खाली वाका. रंभा कशी वाकायची. हाताला मशीन लावल्यावानी."

"रंभा? रंभा इथे कधी वाकली?"

सगळ्या बाया थांबल्या. भिमीला हसू फुटलं. "हसू नको गो," बाईजाबाय तिला म्हणाली आणि माझ्याकडे वळली. "भाऊ, खरंच ठावं नाय तुमाला? तुमची नऊची यष्टी फाट्यावरनं हलली का रंभा आमच्या बांधावर. तुमी यायच्या आत घरी. पंचवीस वर्सं. ती आमच्याकडं येयाची, म्हनून आमी तुमच्याकडं येयाचो. औंदा ती आली नाय. सावडीत मागं राहिलेल्याला पुढं कसं घेनार?"

"आणि मजुरी?"

"कसली मजुरी? सावडीत मजुरी असती का?"

मी खाली वाकलो. वाकून राहिलेलं बरं वाटलं, तोंड दिसत नाही.

८ जुलै, मंगळवार

भिमीच्या शेतातून चारला घरी आलो. आंघोळ केली आणि रंभासमोर बसलो. काल विचारायची छाती झाली नव्हती.

"दर वर्षी मजुरीचे पैसे देत होतो. ते?"

"ते होय." ती लसूण सोलत होती. "राहीच्या कोर्सची फी कशानं भरली आपन?"

"स्कॉलरशिपने."

माळ्यावर राहीला ठसका लागला. रंभा म्हणाली, "ती स्कॉलरशिप मीच."

रागवावं असं आधी वाटलं. पंचवीस वर्षं खोटं बोलली! मग मीच स्वतःला विचारलं, खोटं बोलली कधी? मी विचारलं कधी? रोज संध्याकाळी कॅश टॅली केल्याशिवाय मी उठलो नाही, रुपया कमी पडला तर खिशातून भरला. आणि घरात पंचवीस पावसाळे माझी बायको लोकांच्या चिखलात वाकून आमचं खाचर हिरवं करत होती, ते मी माझ्या नोटांच्या नावावर जमा धरत होतो. मला लाज वाटली. सरळ लिहितो, लाज वाटली.

"सांगितलं का नाहीस?"

"तुमी बँकेतलं साहेब. तुमची बायको दुसऱ्याच्या शेतात गेलेली तुमाला चाललं असतं?"

नसतं चाललं. तेही सरळ लिहितो.

१० जुलै, गुरुवार

पाच कागद वटले. वटला की बाई माझ्यासमोर तो फाडते आणि चिखलात तुडवते. मला ते बघायला आवडायला लागलंय. उकिडवं बसताना तोंडातून "आई गं" निघतं, त्यावर वाडीत आता नक्कल होते. ओळ थोडी सरळ आली. भिमी म्हणाली, घाट संपून आता पायथ्याचं टोकावडं आलं.

रोपाचे शेंडे पिवळे पडतायत. रंभा रोज बघून येते.

१२ जुलै, शनिवार

काल सहावा कागद वटला. राहिले तीन. रोप चौतीस दिवसांचं. तीन दिवस थांबलो तर खालचं खाचर गेलं, हे मला कळत होतं आणि बाईजाबायला कुठल्या तोंडाने विचारायचं हे कळत नव्हतं. सकाळी चहा घेत बसलो होतो तर बांधावर गलका. जाऊन बघतो तर सोळा बाया, कमरेला प्लॅस्टिकचे कागद बांधून, अर्ध्या जणी आधीच रोप उपटायला बसलेल्या.

मी धावत घरात गेलो आणि ते चौदा कागद घेऊन आलो. आणखी दोन लिहायला पेनही आणलं. बाईजाबायने माझा हात बाजूला केला.

"कागद नको."

"अहो, पण जुने तीन दिवस अजून माझ्याकडे राहिलेत. वर आज सोळा झाले."

"राहिलेत ते म्हाईत हाय. तुमी येता ते कळलं ना आता. ज्याचं कळत नाय त्याच्याकडनं कागद घेयाचा." आणि मग जोरात, "उभं काय राहिलात? उतरा खाली, शेत कुनाचं हाय?"

उतरलो. रंभा बांधावर प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसून दिवसभर ओरडत होती. दाट लावू नको, तिकडं कोपरा राहिला, आवो तुमी नको, तुमी मुठी वाहा. चारला शेवटची मूठ लागली. तिने सगळ्या बायांना जवळ बोलावून एकेकीच्या तोंडावरून हात फिरवला. मी रांगेत नव्हतो, पण उभा राहिलो. माझ्याही तोंडावरून फिरवला, मग हाताला लागलेला चिखल माझ्याच शर्टाला पुसला.

१८ जुलै, शुक्रवार

नऊच्या नऊ कागद वटले. बिनकागदाचे सोळा दिवस बेणणीत, म्हणजे तण काढायला, आणि कापणीत द्यायचे आहेत. कोणी लिहून ठेवलेलं नाही आणि सगळ्यांच्या ध्यानात आहे. वाडीची बँक कशी चालते ते मला अजून नीट उलगडलेलं नाही.

राहीने काजळगड सावरलं. आता तिथे प्रत्येकाचं आपापलं नाणं आहे, त्यावर देणाऱ्याचं नाव. देणाऱ्याने स्वतः जाऊन काम केलं की नाणं फुटतं. राजाचं नाणं कोणी घेत नाही, कारण राजा कामाला जात नाही. सगळ्यात भारी नाणं कोणाचं, तर उडत्या कासवांच्या म्हाताऱ्या वैद्याचं, कारण तो बोलावल्याबरोबर येतो. शेळ्या निवांत चरतायत. तिचे सर खूश आहेत.

"फक्त एक प्रश्न विचारलाय त्यांनी," राही म्हणाली. "नाणं देणारा मेला तर?"

"तर नाणं कवडीमोल," मी फटकन बोलून गेलो. कॅशियरचं उत्तर. ती लिहून घ्यायला वर गेली आणि मी तसाच बसून राहिलो. काजळगडला एक लाखाची मर्यादा घालताना मी किती तावातावाने बोललो होतो. माझ्या टांकसाळीत किती दिवस शिल्लक आहेत हे कोणी विचारलं नव्हतं. साठ वर्षं तर वापरून झाली. त्यातले रंभाला किती दिले, हे आठवायला गेलो. रविवार धरले. रविवारी मी झोपायचो.

२० जुलै, रविवार

आज झोपलो नाही. सकाळी पत्रिकेचा एक कागद घेतला, नीट लिहिलं: "एक दिवस. सौ. रंभा हिस अदा करण्याचे मी वचन देतो." शेतकाम हा शब्द गाळला. सही केली. ती ओट्यापाशी स्टुलावर बसून भाकऱ्या थापत होती. पिठाच्या हातानेच तिने कागद धरला, लांबून वाचला, जवळून वाचला.

"एकच?" म्हणाली. "छापखाना बंद पडला का?"

मी जाऊन आणखी तेरा आणले, सह्या केल्या. तिने ते ओट्यावर पत्त्यांसारखे मांडले.

"पंचवीस वर्सं, आनि चौदा?"

राहीने माळ्यावरून प्रिंटरच्या कागदांचा गठ्ठाच आणून दिला आणि तोंड दाबत परत वर पळाली. मी मांडी घालून बसलो. फाडत गेलो, लिहीत गेलो. रंभा एकीकडे भाकऱ्या करत होती आणि मी थांबलो की पाठमोरीच विचारत होती, "किती झालं?" बोटं दुखायला लागली तेव्हा नंबर तीनशे बारा होता. कधी नाही ती माझी सही बिघडली.

तिने तवा उतरवला, काठी टेकत आली आणि त्या ढिगाकडे बघत उभी राहिली. हसत होती, पण डोळे भरलेले.

"येवढं सगळं फेडायचं तर जगायला लागल तुमाला."

"जगतो की," मी म्हणालो, आणि पुढचा कागद ओढला.